आधी धुरा पाहा, मग पंप उचला

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी वर्षभराचा सल्ला : शेताभोवतीची रानझाडे, पाखरे आणि जनावरे

पिकात अळी दिसली की आपली पावले थेट कृषी सेवा केंद्राकडे वळतात. त्याआधी धुऱ्यावरून एक फेरी मारली, तर पुष्कळ निर्णय तिथेच सोपे होतात. कीड कुठे दबा धरून आहे, तिला खाणारे कोण आले आहे, रात्री रोही कोणत्या वाटेने शेतात शिरतो, हे सगळे धुऱ्यावर लिहिलेले असते. ते वाचता आले पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला उत्तरेकडून पैनगंगा वेढते, मधून कयाधू वाहते आणि औंढा-वसमतच्या बाजूला पूर्णा आहे. येलदरी, सिद्धेश्वर आणि ईसापूर ही धरणे जवळ असल्याने पाण्याच्या आसऱ्याने पाखरे आणि जनावरे वर्षभर शिवारात फिरतात. हळद, सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा या पिकांना त्यांच्याकडून लाभही होतो आणि तोटाही. म्हणून शेताभोवती जे जे दिसेल त्याची तीन भागांत वाटणी करा : ठेवायचे काय, उपटायचे काय आणि अडवायचे काय. सगळा धुरा सरसकट जाळणे किंवा त्यावर तणनाशक मारणे म्हणजे या तिन्हींना एकच शिक्षा देणे होय.

रोहिणी ते मृग : कडुनिंबाखाली लक्ष ठेवा

वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. दिवस मावळला की ते धुऱ्यावरच्या कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडायच्या आत ते पुन्हा मातीत जातात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. पुढे त्याच अळ्या हळदीचे कंद, सोयाबीनची आणि उसाची मुळे कुरतडतात. अळी मातीत शिरल्यावर तिच्यापर्यंत औषध पोहोचवणे अवघड आणि महाग असते. भुंगेरा मात्र त्या थोड्या रात्री आपल्या हाताच्या अंतरावर असतो.

- पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान बॅटरी घेऊन ही झाडे पाहा. पानांना अर्धचंद्राकृती कातरलेल्या कडा दिसल्या तर भुंगेरे आलेच समजा.
- झाडाखाली ताडपत्री अंथरा, आकडीने फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका.
- एका झाडावर सरासरी वीस किंवा त्याहून जास्त भुंगेरे आढळले, तर नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात.
- हे काम एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या शेतातले भुंगेरे आपल्याकडे उडून येतात. म्हणून सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात झाडे झोडपावीत आणि प्रकाश सापळे लावावेत.

हुमणी येते म्हणून कडुनिंब तोडू नका. हेच झाड भुंगेऱ्यांना एका जागी गोळा करून आपल्या हाती देते. शिवाय जूनमध्ये त्याच्याखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. पिकलेल्या निंबोळ्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, वस्त्रगाळ करून, साबणाचा चुरा मिसळून 100 लिटर द्रावण केले की पाच टक्के अर्क तयार होतो. ऑगस्टमध्ये रस शोषणाऱ्या किडींवर पहिली फवारणी याचीच असावी.

याच दिवसांत ओल्या मातीवर लाल मखमली मृगाचा किडा फिरताना दिसतो. तो पिकाला काहीही करत नाही. वाळवीची आणि इतर किडींची अंडी हे त्याचे खाणे. त्याला वखराखाली चिरडू नका, पण तो दिसला म्हणून पेरणीची घाईही करू नका. थोड्याशा ओलीवरही तो वर येतो, सोयाबीनला मात्र तेवढी ओल पुरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत चांगली वीतभर ओल उतरल्यावरच चाड्यावर मूठ धरा.

आर्द्रा ते मघा : काय उपटायचे, काय खायचे

पावसाळ्यात धुरा हिरवागार होतो आणि सगळे तण एकसारखे वाटू लागते. ते तसे नसते.

*उपटायचे :* गाजरगवत, पेठारी आणि रानभेंडी. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी पीक नसताना अशाच झाडांवर तग धरतात आणि पीक वर आले की तिथून आत सरकतात. पांढऱ्या माशीमार्फतच सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरतो. शेतात पिवळी पडलेली झाडे उपटायची आणि धुऱ्यावरची पेठारी तशीच ठेवायची, याने काही साधत नाही. दोन्ही एकदमच काढा.

गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. फूल धरल्यावर एकेक झाड हजारोंनी बी टाकते. हातात मोजे घाला, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रास वाढतो. फुले येण्याआधी उपटलेले गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालते. त्याच्या पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, पाठीवर गडद वळणदार रेघा असलेले भुंगे दिसले, तर तिथे तणनाशक मारू नका. हे झायगोग्रामा भुंगे गाजरगवत खाण्यासाठीच 1980 च्या दशकात भारतात आणले गेले. मोकळ्या पडीक जागेत तरोट्याचे बी फेकले तर तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत जागरूकता सप्ताह असतो. ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून रस्त्याच्या कडेचे गाजरगवत त्याच आठवड्यात काढले, तर शेतकऱ्याचे पुढचे काम हलके होते.

*ठेवायचे आणि खायचे :* कर्टुल्याचा वेल, तरोट्याची कोवळी पाने, कुर्डू, पाथरी, घोळ, तांदुळजा, केना. कर्टुल्याला जमिनीत कंद असतो, तो न दुखवता फक्त फळे तोडली तर वेल दरवर्षी त्याच जागी फुटतो. सोयाबीनच्या ओळीतला केना मात्र लहान असतानाच काढा. त्याच्या कांडीचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी तो पुन्हा मूळ धरतो, म्हणून निंदून काढलेला केना शेताबाहेर नेऊन टाका. आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळा : तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या शेतातली आणि त्याच्या धुऱ्यावरची रानभाजी घरी आणू नका, बाजारातही नेऊ नका.

हस्त ते स्वाती : काढणी, गंजी आणि साप

सोयाबीन कापून गंजी लावली की दाण्यासाठी उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. यात धामण बिनविषारी असते आणि उंदीर फस्त करते. तिला मारणे म्हणजे स्वतःचे धान्य उंदरांना देणे. विषारी चार ओळखून ठेवा : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, फुरसे अंगावरचे खवले घासून करकर आवाज काढते आणि मण्यार बहुतेकदा रात्री फिरते.

- गंजी आखाड्यापासून आणि झोपायच्या जागेपासून दूर लावा. पेंढ्या उचलताना आधी काठीने हलवा.
- घोट्याच्या वर येणारे बूट घाला. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी हवीच. जमिनीवर झोपू नका, बाजेवर मच्छरदाणी लावा.
- साप चावल्यास चावलेला अवयव हलू देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका. 108 ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावर प्रतिसर्पविष लस हाच उपाय आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ जिवावर बेततो.

रब्बी : पाखरांना बसायला जागा द्या

तूर फुलावर येते, हरभरा घाटे धरू लागतो आणि घाटेअळी सुरू होते. याच काळात कोतवाल, साळुंकी, वेडा राघू आणि गायबगळे शेतात असतात. कोतवाल उंच टोकावर बसून टेहळणी करतो आणि झेप घेऊन पतंग किंवा अळी उचलतो. पण सपाट हरभऱ्यात त्याला बसायला काहीच नसते. एकरी वीस इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे पिकापेक्षा फूट-दोन फूट उंच रोवा. पेरताना हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे विखरून टाकले तर ताटेच थांब्याचे काम करतात. दाणे भरू लागल्यावर मात्र थांबे काढा, नाहीतर दाणे खाणारी पाखरेही त्यावर उतरतात.

रात्रपाळी पिंगळा आणि गव्हाणी घुबड करतात. दोघेही उंदीर खातात. धुऱ्यावरच्या जुन्या झाडाची ढोली बुजवू नका. विषाने मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरा, म्हणजे ते खाऊन घुबड किंवा मांजर मरणार नाही.

शेंड्याला उलटी लटकून काळी पडलेली अळी दिसली तर ती विषाणूने मेलेली असते. अशा अळ्या असलेल्या शेतात घाई करून रासायनिक फवारणी करू नका. घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, फवारायचा असेल तर संध्याकाळी फवारा, उन्हात तो निकामी होतो. तुरीच्या फुलोऱ्यावर मधमाश्या असतात, म्हणून कोणतेही कीटकनाशक सकाळी नको, दिवस कलल्यावरच मारा.

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. या पाहुण्या पाखरांचे मुख्य खाणे टोळ आणि नाकतोडे, पण कणसांवर थवा बसला तर एका सकाळीत पट्टा मोकळा करतो. इथे गोफण आणि राखण हाच खरा उपाय आहे. उजाडताना आणि दिवस मावळताना थवे सर्वाधिक येतात, तेवढे तास सांभाळा. विष घालून पाखरे मारू नका.

रोही, हरीण, रानडुक्कर : माग काढा, मग अडवा

सगळे शेत राखणे कोणालाच जमत नाही. जनावर कुठून येते ते आधी पाहा. रोहीचा खूर दुभंगलेला आणि हरणाच्या खुरापेक्षा बराच मोठा असतो. तो एकाच जागी वारंवार लेंड्या टाकतो. असा ढीग दिसला की त्याची नेहमीची वाट जवळच आहे. रानडुकराच्या खुराच्या मागे दोन छोटे ठसे उमटतात आणि माती नांगरल्यासारखी उकरलेली असते. ओढ्याकडून किंवा माळाकडून येणाऱ्या या वाटांवरच राखणीचा आणि कुंपणाचा जोर लावा.

- हरभऱ्याभोवती करडईच्या चार-पाच ओळी घ्या. काटे धरल्यावर जनावर आत शिरायला कचरते आणि करडईचे उत्पन्न वेगळे मिळते.
- सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जीव जात नाही. मुख्य लाइनची वीज तारेत सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे व बैलही मरतात.
- रोही, काळवीट आणि रानडुक्कर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. स्वतःहून मारू नका.
- नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. सातबारा, आधार, बँक पासबुक आणि शेतातले फोटो जोडा. पंचनामा होईपर्यंत खाल्लेले पीक काढून टाकू नका.
- विहिरीला कठडा बांधा. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात जनावरे त्यात पडतात.

फाल्गुन ते वैशाख : काडी ओढू नका

पळस आणि काटेसावर फुलतात तेव्हा पाखरांना आणि मधमाश्यांना दुसरे खाद्य कमी असते. याच महिन्यांत धुरे पेटवण्याची रीत आहे. त्या आगीत ढालकिडे, क्रायसोपा, कोळी, मोकळ्या रानातली टिटवीची अंडी आणि गेल्या वर्षी आपोआप उगवलेली कडुनिंबाची रोपे जळतात. कीड मात्र मातीत खोल सुरक्षित राहते. तिला वर काढायची असेल तर खोल नांगरट करा आणि ती सकाळी करा. नांगरामागे गायबगळे आणि साळुंक्या येतात, उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या आणि कोष वेचतात. उरलेल्यांचे काम ऊन करते.

दरवर्षी धुरा थोडा थोडा कोरून शेत वाढवण्याचा मोह टाळा. अर्धा हात रुंदी वाढल्याने जे पीक मिळते, त्यापेक्षा धुऱ्यावरचा एक कडुनिंब, त्याच्या निंबोळ्या, ढोलीतला पिंगळा आणि पावसात माती धरून ठेवणारी मुळे जास्त देतात.

यंदापासून आखाड्यात एक वही ठेवा. त्यात तीनच गोष्टी लिहा : काय दिसले, कोणत्या तारखेला, आणि आपण काय केले. पहिले भुंगेरे, पहिली घाटेअळी, पहिला भोरड्यांचा थवा, रोहीची वाट. ही वही घेऊन तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांकडे गेलात, तर मिळणारा सल्ला तुमच्या शेतापुरता नेमका असेल. गावातल्या दहा जणांच्या वह्या एकत्र आल्या, तर पुढच्या मृगात हुमणी कधी गोळा करायची याची तारीख गाव स्वतः ठरवू शकेल.