न्हाणीघरातील उजेड : वृद्धांच्या सुरक्षिततेचा सोपा उपाय

खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात दाखल होणाऱ्या वयोवृद्धांची हकिकत पुष्कळदा एकसारखीच असते. रात्री लघवीसाठी जाग येते, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला जात नाही आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती दगावतात. त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते. यांतील काही अपघात तरी योग्य उजेडाने टाळता येण्याजोगे आहेत.

वयोमानाप्रमाणे डोळ्याची बाहुली लहान होते व नेत्रभिंग पिवळसर पडते. त्यामुळे साठाव्या वर्षी दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उरतो. मुलाला जो उजेड पुरेसा वाटतो, तो आजोबांना अपुरा पडतो, याचे कारण हेच. दुसरीकडे, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत उघड्या दिव्याचा प्रकाश विखुरतो व समोरचे दिसेनासे होते. म्हणून उजेड भरपूर हवा, पण दिपवणारा नको. दुधी आवरणाचा दिवा याकरिता उत्तम.

न्हाणीघरात सर्वसाधारण वापरासाठी सुमारे १०० लक्स व आरशापुढे सुमारे ३०० लक्स उजेड योग्य मानतात. चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात ५ वॅटचा एलईडी दिवा एरवी पुरतो. घरात वृद्ध असल्यास ९ वॅटचा घ्यावा. दिवा पाठीमागे आल्यास आपलीच सावली पायांपुढे पडते, म्हणून तो छताच्या मध्यभागी असावा. आरशाचा दिवा चेहऱ्यावर समोरून प्रकाश टाकील असा बसवावा.

रात्रीची गरज मात्र निराळी आहे. काळोखाला सरावलेली नजर प्रखर दिव्याने दिपते आणि दिवा मालवल्यावर ती पुन्हा पूर्ण सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. म्हणजे जातानाइतकाच परतीचा प्रवासही धोक्याचा असतो. यासाठी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर, गुडघ्याच्या खाली, मंद पिवळसर दिवा रात्रभर तेवत ठेवावा. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा तो झोपेत कमी व्यत्यय आणतो. चाहूल लागताच आपोआप लागणारा दिवाही सोयीचा. पायरी किंवा उंबरठ्याच्या कडेला गडद रंगाची पट्टी चिकटवावी. पांढऱ्या फरशीवर पांढरी कड दिसत नाही. वीज खंडित झाल्यास आपोआप लागणारा बॅटरीचा दिवाही जवळ असावा.

उजेडाइतकेच महत्त्व विजेच्या सुरक्षिततेला आहे. ओल्या अंगातून वीज सहज वाहते. दिव्याचे बटण न्हाणीघराच्या बाहेर, दाराशी, अंधारातही दिसेल अशा बारीक लाल दिव्यासह असावे. पाणी उडते तेथील दिव्यावर ‘आयपी ४४’ ही खूण पाहावी. यातील दुसरा आकडा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. पाण्याची धार थेट लागणार असेल, तर ‘आयपी ६५’ घ्यावा. अनेकांची समजूत असते की एमसीबी असली म्हणजे झटक्याचे भय नाही. वस्तुतः ती वायरिंगचे रक्षण करते; माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग दोन्ही आवश्यक आहेत. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. ती तत्काळ बंद झाली पाहिजे. ही कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावीत.

दिव्यांसोबत एक सवयही जोडावी. जाग येताच एकदम उठू नये. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे, पाय जमिनीवर टेकवावेत, मगच चालू लागावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना उठताना भोवळ येण्याचा संभव असतो.

या सर्व व्यवस्थेचा खर्च खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे. आणि त्यानंतरच्या परावलंबनाचे मोल तर पैशांत होतच नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांना घेऊन आज रात्रीच एकदा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालून पाहावे. जेथे त्यांचे पाऊल अडखळेल, तेथेच पहिला दिवा लावावा, ही नम्र विनंती.