बेसिकमध्ये क्रमवार फाइल लिहिताना

बेसिक ही संगणकभाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी सिद्ध केली. विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा, हा त्यांचा हेतू होता. तिचीच वंशज असलेली व्हीबीए ही भाषा आज एक्सेलच्या पोटात असते. तिच्यातून फाइलमध्ये माहिती कशी लिहावी, एवढाच विषय आम्ही येथे घेत आहोत. आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत व इंग्रजी अंकांनीच टंकित कराव्यात.

उदाहरणादाखल वसतिगृहाची प्रवेशनोंद घेऊ.

ओपन "नोंद.टीएक्सटी" फॉर अपेंड ॲज #१
राइट #१, नाव, गाव, वय
क्लोज #१

तीनच ओळी, पण पहिल्या ओळीतील 'अपेंड' या शब्दावर सारी भिस्त आहे. त्याऐवजी 'आउटपुट' लिहिले, तर त्या नावाची जुनी फाइल त्याच क्षणी रिकामी होते. यंत्र विचारत नाही, बजावत नाही. दहा वर्षांची नोंद एका शब्दाने पुसली जाऊ शकते. म्हणून नवी फाइल आरंभायची असेल तेव्हाच आउटपुट वापरावे आणि जुन्या फाइलची एक प्रत नेहमी अन्यत्र ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

लिहिण्यासाठी 'प्रिंट' आणि 'राइट' अशा दोन आज्ञा आहेत. प्रिंट मजकूर जसाच्या तसा उतरविते. माणसाने वाचावयाच्या अहवालास ती उत्तम. यंत्राने पुन्हा वाचावयाच्या नोंदीस मात्र घातक. समजा, गावाच्या रकान्यात 'म्हसवड, ता. माण' असे आहे आणि रकाने आपण स्वल्पविरामांनी वेगळे केले आहेत. 'इनपुट' आज्ञेने वाचताना यंत्र 'म्हसवड' येथेच गाव संपले असे मानते. वयाच्या जागी तालुका येऊन बसतो, खरे वय पुढील विद्यार्थ्याचे नाव ठरते आणि तेथून अखेरपर्यंत सर्व रकाने सरकतात. राइट आज्ञा प्रत्येक शब्दरूप मूल्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालते, त्यामुळे आतील स्वल्पविराम सुरक्षित राहतो. (मूळ मजकुरातच दुहेरी अवतरण असेल, तर मात्र राइटचाही इलाज चालत नाही.)

क्लोज ही आज्ञा पुष्कळांना औपचारिक वाटते. वस्तुतः लिहिलेली माहिती काही काळ स्मृतीतच साठून असते. फाइल बंद करताना ती तबकडीवर पक्की उतरते. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद करणेच शहाणपणाचे.

क्रमवार फाइल ही कीर्दीसारखी असते: नोंद शेवटी वाढते, मधली खोडून नवी घालता येत नाही. एखाद्या मुलाचे वय दुरुस्त करावयाचे असल्यास जुनी फाइल 'फॉर इनपुट' उघडावी, एकेक नोंद वाचून दुसऱ्या फाइलमध्ये लिहावी आणि ती विशिष्ट नोंद तेवढी बदलावी. दोन्ही फाइली बंद झाल्यावर 'किल'ने जुनी काढून 'नेम'ने नवीला जुने नाव द्यावे. शे-दोनशे नोंदींना हे क्षणात होते.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि तो आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर. प्रिंट व राइट या आज्ञा विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात लिहितात. त्या संचात सर्वसाधारणपणे देवनागरीला स्थान नसते. परिणामी प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. मूळ नाव त्यातून परत मिळत नाही. मराठी नोंदींसाठी 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट'मधील 'ओपनटेक्स्टफाइल' वापरावे: फाइलच्या नावानंतर ८, म्हणजे शेवटी भर घाला, मग 'ट्रू', म्हणजे फाइल नसल्यास निर्माण करा, आणि अखेरीस -१, म्हणजे युनिकोड. त्यानंतर 'राइटलाइन'ने एकेक ओळ लिहावी. येथे अवतरणचिन्हे आपोआप पडत नाहीत, ती आपणच घालावी लागतात. वाचतानाही शेवटी -१ द्यावयाचे असते.