डेलियाचे कंद : डोळा आणि निचरा

गोंदिया जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कंद लावणें नवें नाहीं. हळद, आलें, सुरण हीं आपल्या परसांत पिढ्यान् पिढ्या लावलीं जातात. असें असतां डेलियाचे कंद मात्र पुष्कळ घरीं वायां जातात, आणि दोष जमिनीवर किंवा हवेवर टाकिला जातो. आमच्या अनुभवानें सांगावयाचें तर दोष बहुधा लावणाऱ्याच्या समजुतींत असतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना आम्हीं दुसऱ्यांच्या पिकांची नोंद पुष्कळ केली. निवृत्तीनंतर स्वतःच्या परसांत हें एक पीक शिकतांना जी हानि सोसली, ती वाचकांस सोसावी लागूं नये, एवढ्याकरितांच हा लेख लिहीत आहों.

आमच्या वडील बंधूंनीं गडद तांबड्या फुलाच्या डेलियाचा एक घोस आम्हांस दिला होता. दोन वर्षें तो कुंडींत चांगला फुलला. पुढें बंधु निवर्तले. त्यांची आठवण म्हणून वाण वाढवावा या हेतूनें आम्हीं सर्व कंद मृग नक्षत्रांत, हळदीबरोबर, घरामागील कन्हार जमिनींत लाविले. श्रावण संपण्यापूर्वींच ते सर्व कुजून गेले. दुसऱ्या वर्षीं एका विक्रेत्याकडून बारा कंद विकत घेतले. दिसण्यांत ते टपोरे होते. परंतु त्यांतील सात उगवलेच नाहींत. या दोन्ही नुकसानींचीं कारणें निरनिराळीं होतीं, व तीं समजून घेणें हाच या पिकाचा मुख्य धडा होय.

कंदाची ओळख.— बटाटा, हळद व आलें हीं वस्तुतः जमिनींत वाढलेलीं खोडें आहेत. म्हणून त्यांच्या अंगावर जागोजाग डोळे असतात, व कोणताही डोळस तुकडा उगवतो. डेलियाचा कंद हें खोड नसून फुगलेलें मूळ आहे. त्याच्या अंगावर डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशीं, जेथें सर्व कंद एकत्र मिळतात त्या माथ्यावर. म्हणून कंद केवढाही मोठा असो, त्याच्या मानेबरोबर माथ्याचा डोळा असलेला तुकडा नसेल, तर तो जमिनींत महिनेच्या महिने टणक राहील, परंतु अंकुर कधींही देणार नाहीं. मान मोडलेल्या कंदाचीही हीच गत समजावी. आमचे सात कंद असे आंधळे होते. याउलट बोटाएवढा कंदही डोळस असला तर पूर्ण झाड देतो.

मूळ देश व हवा.— हें झाड मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशांतील. इ. स. १७८९ मध्यें त्याचें बीं स्पेनच्या माद्रिद शहरांतील राजोद्यानांत गेलें, व १७९१ मध्यें तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनीं स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ दाल यांच्या स्मरणार्थ त्यास हें नांव दिलें. युरोपांत प्रथम त्याचे कंद बटाट्याप्रमाणें खाण्याचा प्रयत्न झाला, पण तो रुजला नाहीं. फुलांनींच त्यास मान मिळवून दिला. डोंगरउतारावरील या झाडास गार रात्री व पाण्याचा निचरा आवडतो. थंड देशांत बर्फ पडण्यापूर्वीं कंद काढून ठेवितात व वसंतांत लावितात. तें वेळापत्रक आपल्याकडे जसेंच्या तसें घेतल्यास पीक ऐन उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत सांपडतें. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, व उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून आपल्या हवेंत डेलिया हें हिंवाळ्याचें पीक मानावें, आणि उन्हाळा व पावसाळा कंदांनीं घरांत काढावा.

जमीन.— कन्हारांत पाणी धरून राहतें. तो गुण धानास हितकर, परंतु या कंदास घातक आहे. मोरांड किंवा सिहार जमीन असल्यास ती निवडावी. कन्हाराखेरीज दुसरी जमीन नसेल, तर नदीची वाळू व जुनें कुजलेलें शेणखत मिसळून फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. बांधींतील चिखलाची माती कुंडींत भरूं नये. जागेस निदान पांच-सहा तास ऊन मिळालें पाहिजे.

लावणी.— भाद्रपदाच्या सुमारास कंद ओलसर वाळूंत मांडून ठेवावे. कांहीं दिवसांत माथ्यावरील डोळे फुगतात, व ते स्पष्ट दिसूं लागल्यावर स्वच्छ, धारदार चाकूनें घोस अशा रीतीनें फोडावा कीं प्रत्येक तुकड्यास एक तरी डोळा येईल. कापलेल्या जागेस बुरशीनाशक भुकटी लावून ती सुकूं द्यावी. पावसाचा जोर ओसरल्यावर, उत्तरा ते चित्रा या नक्षत्रांत लावणी करावी. हस्ताच्या सरी मोठ्या असतील तर थांबावें. दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावें. आधाराची काठी आधीं रोवावी. मागाहून रोवल्यास कंद फुटतो. कंद आडवा ठेवून डोळा वर करावा व तीन-चार इंच मातीनें झांकावा. माती नुसती ओलसर असावी. अंकुर दिसेपर्यंत भरपूर पाणी देण्याचा मोह टाळावा, कारण मुळ्या फुटण्यापूर्वीं कंदास पाणी पितां येत नाहीं, तो केवळ कुजतो.

पुढील मशागत.— पानांच्या चार जोड्या झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. युरिया फार दिल्यास पाला माजतो, फूल कमी येतें व कंद टिकत नाहीं. शेणखत, हाडांचें खत व थोडें पालाश पुरे. मोठें फूल हवें असल्यास फांदीच्या टोकावरील तीन कळ्यांपैकीं मधली ठेवून बाजूच्या दोन काढाव्या. लावणीपासून सुमारें तीन महिन्यांनीं फुलें येऊं लागतात. मावा व, हवा तापूं लागली कीं, लाल कोळी यांवर लक्ष ठेवावें. पानांच्या शिरांलगत फिकट पट्टे पडून झाड खुजें राहिल्यास तो बहुधा विषाणूचा रोग असतो. त्यावर औषध नाहीं. असें झाड कंदासह उपटून जाळावें, व त्याचा कंद कोणासही देऊं नये.

कंद राखणें.— फुलें संपून पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी कमी करावें. खोड सहा इंच ठेवून कापावें, व फूटभर अंतरावरून खणून घोस खालून उचलावा. खोडास धरून ओढल्यास माना मोडतात. माती झाडून, पोकळ खोडांतील पाणी निथळावें म्हणून घोस उलटा ठेवून दोन-तीन दिवस सावलींत सुकवावा. नंतर मडक्यांत कोरड्या वाळूंत पुरून घरांतील थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावा; पावसाळ्यांत मडकें ओल्या भुईवर ठेवूं नये. महिन्यांतून एकदां पाहणी करावी. कुजका कंद काढून टाकावा; फार सुरकुतलेला दिसल्यास वाळूवर पाण्याचा किंचित् शिपका द्यावा.

आतां बंधूंच्या वाणाविषयीं. आमचे कंद कुजण्यापूर्वीं एका वर्षीं त्यांतील एक तुकडा आम्हीं शेजारच्या वहिनींना दिला होता, हें आम्ही विसरूनही गेलों होतों. त्यांनीं तो वळचणीपासून दूर, पडवींतील कुंडींत ठेवून जगविला होता. त्यांनीं परत दिलेला एकच डोळस कंद आम्हीं ओलसर वाळूंत ठेविला. त्यास आलेले कोंब तीन इंचांचे होतांच पेराखालीं कापून सावलींत वाळूंत लाविले. सुमारें तीन आठवड्यांनीं त्यांस मुळ्या फुटल्या, व त्या हिंवाळ्यांत एका कंदापासून पांच झाडें उभीं राहिलीं. ज्यांजवळ थोडेच कंद आहेत, त्यांनीं ही रीति अवश्य करून पाहावी.

त्या वर्षापासून प्रत्येक हंगामाचा निदान एक कंद आम्ही दुसऱ्या घरीं ठेवण्यास देतों. वाचकांनींही आपला आवडता वाण एकाच परसांत ठेवूं नये, अशी आमची त्यांस विनंती आहे.