वाद्याचा तोल आणि स्टँडचे पाय

वाद्यांविषयी लिहिणारे लेखक बहुधा त्यांच्या सुरांविषयी लिहितात. प्रस्तुत लेखात मी एका वाद्याच्या मौनाविषयी लिहिणार आहे. म्हणजे ते वाजत नसताना नीट उभे कसे राहील याविषयी. हे वाद्य म्हणजे बास ट्रॉम्बोन. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु संगीताचा एखादा भाग लोखंडी नळ्या आणि स्क्रू यांवर अवलंबून असेल, तर त्या नळ्यांचा अभ्यास हाही संगीताचाच अभ्यास होय, असे मला वाटते.

प्रथम वाद्याची ओळख. ट्रॉम्बोन हे पितळी नळीचे फुंकवाद्य. त्याची यू आकाराची नळी पुढेमागे सरकवून स्वर बदलतात. या सरकत्या भागाला स्लाइड म्हणतात. समोरचे कर्ण्यासारखे रुंद तोंड म्हणजे ‘बेल’. आजच्या बास ट्रॉम्बोनच्या मुख्य नळीची लांबी साध्या टेनर ट्रॉम्बोनइतकीच, म्हणजे सुमारे २.७ मीटर असते. मात्र नळी अधिक रुंद आणि बेल अधिक मोठी असते. शिवाय खालचे स्वर मिळावेत म्हणून त्याला व्हॉल्व्ह जोडलेले असतात. लाइपझिगच्या सॅटलर या कारागिराने १८३९ साली ट्रॉम्बोनला असा पहिला व्हॉल्व्ह बसवला. तो दाबला की सुमारे ९० सेंटिमीटर जादा नळी जोडली जाते. तरीही तळाचा एक स्वर निसटतोच. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरा व्हॉल्व्ह रूढ झाला. प्रत्येक व्हॉल्व्हबरोबर वजन वाढले, आणि ते वाढले वाद्याच्या वरच्या भागात. आमच्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

आता मौनाचा प्रश्न. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तिच्यात तीन ट्रॉम्बोन आहेत, पण ते वाजतात फक्त चौथ्या, अखेरच्या भागात. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीतही (१८७६) ट्रॉम्बोन शेवटच्या भागापर्यंत गप्प असतात. तोवर वाद्य मांडीवर किंवा स्टँडवर. बेथोव्हेनच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागांमध्ये तर विरामच नाही. वाद्य उचलून ओठांना लावायचे आणि वाजवायचे. अशा वेळी ते स्टँडवरून कलंडलेले असेल तर?

आमच्याच मजल्यावर मूळचे गोव्याचे एक वयस्क वादक राहतात. सगळी मुले त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या स्टँडवर आम्ही दोघांनी काही रविवार काम केले. बाजारातून आणलेला तो स्टँड टेनर ट्रॉम्बोनच्या मापाचा होता. एकदा तालमीत शेजारच्या खुर्चीचा धक्का लागला आणि वाद्य झुकले. अंकलनी ते वरच्यावर झेलले म्हणून निभावले. ते मला म्हणाले, “अरे बाळा, बेलला पोचा आला तर वाद्य विद्रूप दिसते. स्लाइडला पोचा आला तर वाद्यच संपते.” यात अतिशयोक्ती नाही. स्लाइडच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीत अगदी केसाएवढी फट असते. नखाएवढा खळगाही सरकणे अडवतो. दुरुस्ती करणारे जाणकार कारागीर आपल्याकडे फारच थोडे आहेत.

ट्रॉम्बोन स्टँडवर कसा ठेवतात ते पाहू. स्टँडच्या दांड्यावर पाकळ्यांसारखे मऊ टेकू असतात. त्यांवर बेल पालथी घालतात. त्यामुळे स्लाइड बेलच्या बाजूला खाली लोंबते आणि व्हॉल्व्ह वर राहतात. स्लाइड जमिनीला लागू नये म्हणून टेकू अर्ध्या मीटरहून उंच ठेवावे लागतात. म्हणजे वाद्याचा गुरुत्वमध्य उंच तर जातोच, शिवाय दांड्याच्या रेषेत न राहता स्लाइडकडे सरकतो.

शाळेत आपण शिकलो आहोत की, गुरुत्वमध्यातून सोडलेला लंब पायांच्या टोकांना जोडणाऱ्या आकृतीच्या आत पडतो तोवर वस्तू उभी राहते. हा लंब आकृतीच्या सर्वांत जवळच्या कडेपासून किती आत आहे आणि गुरुत्वमध्य किती उंच आहे, या दोहोंच्या गुणोत्तरावरून वस्तू किती अंशांत कलंडेल ते ठरते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिवईचे पाय मध्यापासून २५ सेंटिमीटर पसरले असले, तरी दोन पायांमधली कड मध्यापासून केवळ साडेबारा सेंटिमीटरवर असते. पाच पायांचा स्टँड असेल, तर तेवढ्याच लांबीच्या पायांनी ही कड सुमारे २० सेंटिमीटरवर जाते. तिवई खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही हा तिचा गुण. पण दोन पायांमधल्या दिशेने ती लवकर पडते हा तिचा दोष.

आता आकडे मांडू. सोयीसाठी वाद्य अडीच किलोचे, त्याचा गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटर उंचीवर आणि स्लाइडकडे ४ सेंटिमीटर सरकलेला मानू. स्टँड दीड किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटरवर. दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य साडेबावन्न सेंटिमीटरवर येतो आणि बाजूला अडीच सेंटिमीटर सरकतो. स्लाइड दोन पायांच्या मधोमध असेल, तर स्टँड सुमारे ११ अंशांत कलंडेल. तोच स्टँड फिरवून एक पाय नेमका स्लाइडखाली आणला तर १२ अंश लागतील. लाभ थोडा, पण खर्च शून्य! आता तळाशी, जमिनीपासून ३ सेंटिमीटरवर, तीन किलोची लोखंडी चकती बसवली तर एकत्रित गुरुत्वमध्य ३१ सेंटिमीटरवर उतरतो आणि कलंडण्यास २० अंशांहून अधिक झुकावे लागते. पायही ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढवले तर २८ अंश. वजन न वाढवता नुसते पाच पाय केले तर १९ अंश.

हे गणित झाले कागदावरचे. प्रत्यक्ष परीक्षेसाठी आम्ही वाद्य वापरले नाही. एका बांबूला तितक्याच वजनाची वाळूची पिशवी तितक्याच उंचीवर आणि तितकीच बाजूला बांधली. स्टँड एक मीटर लांबीच्या फळीवर ठेवला, घसरू नये म्हणून खालच्या बाजूला पट्टी ठोकली आणि फळीचे दुसरे टोक हळूहळू उचलले. हिशेबाप्रमाणे ते १९ सेंटिमीटर उचलल्यावर स्टँड कलंडायला हवा होता. तो साधारण १६ सेंटिमीटरलाच कलंडला. शोधता कारण सापडले. दांडा आणि तिवई यांच्या सांध्यात जेमतेम दोन अंशांचा ढिलेपणा होता. खाली दोन अंश म्हणजे वर, वाद्याच्या उंचीवर, दोन सेंटिमीटर! हे कागदाला ठाऊक नव्हते.

या खटाटोपातून कामाचा जो क्रम ठरला तो असा. पहिले काम सांधे घट्ट करण्याचे. झिजलेला स्क्रू बदलावा आणि नळीत नळी सैल बसत असेल तर पातळ पत्र्याची पट्टी घालावी. दुसरे काम टेकूंचे. बास ट्रॉम्बोनच्या बेलचा गळा रुंद असतो, त्यामुळे टेनरचे टेकू आत सैल पडतात आणि वाद्य तिरके बसते. टेकू सर्व बाजूंनी सारखे टेकले पाहिजेत. त्यांवर जाड नमदा लावावा. साध्या रबरातील गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. तिसरे काम उंचीचे. स्लाइडचे टोक खालच्या पायापासून दोन-तीन बोटे वर राहील एवढीच उंची ठेवावी. हे अंतर जमिनीपासून नव्हे, पायापासून मोजावे, कारण आपण पाय मुद्दाम स्लाइडखाली आणलेला असतो. चौथे काम तळाच्या वजनाचे. लांब पायांचा उपाय सर्वांत शेवटी, कारण गर्दीच्या रंगमंचावर लांब पायांनाच इतरांचे पाय अडखळतात.

वजनावर मात्र आमचा थोडा वाद झाला. अंकल लोकलने प्रवास करतात. एका हातात वाद्याची पेटी, दुसऱ्या हातात स्वरलिपीची पिशवी. त्यात तीन किलो लोखंड कसे न्यायचे? शेवटी वेल्डिंगवाल्याकडून तिवईच्या मधोमध एक आकडा लावून घेतला आणि कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली. कार्यक्रमाच्या जागी तिच्यात वाळू किंवा पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि ती पायांच्या मध्ये अगदी खाली टांगायची. पिशवी जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर तिचे वजन स्टँडवर न येता जमिनीवर जाते. आणि स्टँडवर ठेवण्यापूर्वी स्लाइडची कडी अडकवलीच पाहिजे. ती मोकळी राहिली तर बाहेरची नळी स्वतःच खाली घसरते. मग स्टँड कितीही भक्कम असून काय उपयोग?

आपल्यापैकी फार थोड्यांचा बास ट्रॉम्बोनशी संबंध येईल. मुंबईत २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला गेलात, तर मागच्या रांगेतील त्या मोठ्या पितळी वाद्याकडे आणि त्याच्या खालच्या पायांकडेही जरूर पाहा. पण हा नियम आपल्या दाराशीही आहे. स्नेहसंमेलनात मायक्रोफोनचा लांब आडवा दांडा ज्या दिशेला असेल, त्याच दिशेला स्टँडचा एक पाय फिरवावा. कॅमेऱ्याच्या तिवईचा एक पाय लेन्सखाली ठेवावा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. भार कोणत्या बाजूला आहे हे ओळखून पाय तिकडे वळवण्याची सवय तेवढी लागते. यंदाच्या स्नेहसंमेलनात ज्यांच्याकडे रंगमंचाची व्यवस्था असेल, त्यांनी एवढे करून पाहावे अशी माझी विनंती आहे.