डोंगराचे थर : भूगोलाचा एक पाठ

ज्वालामुखी म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे धुमसणारा शंकू उभा राहतो. परंतु शिवनेरीचा डोंगरही अग्निजन्यच होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारस वारंवार वाहिला व थरावर थर साचले. पुढे नद्यांनी ते कोरले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार. शिक्षकांनी हे थर विद्यार्थ्यांकडून मोजवून घ्यावेत.

उतारावर खडक झिजून माती साचते. अतिवृष्टीत ती पाण्याने जड होऊन घसरते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अशाच दरडीखाली गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून पावसाळ्यात उताराला भेगा पडल्या, झाडे कलली वा झरा एकाएकी गढूळला, तर तेथून दूर व्हावे व वडीलधाऱ्यांस तत्काळ सांगावे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.