विजेचा स्टीमर: इथून न्यावा, तिकडे घ्यावा की नकोच?

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडून परदेशी निघताना बॅगेत हळद आणि येसर असतोच. अलीकडे त्यात विजेचा स्टीमर कोंबायचा का, असंही विचारलं जातं. अमेरिका, इंग्लंड, जर्मनीत स्थिरावलेल्या आपल्या घरांचं एका गोष्टीवर एकमत आहे: इथून नेऊ नका.

कारण विजेचं आहे. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120. इथला 800 वॅटचा स्टीमर तिकडे लावला तर जेमतेम सव्वादोनशे वॅटची उष्णता देतो. पाणी नुसतं कोमट होत बसतं. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. इंग्लंड-जर्मनीत व्होल्टेज जुळतं, पण तिथे तीच वस्तू सहज मिळते. मग बॅगेतली जागा कशाला अडवायची?

तिकडे घ्यावा का, यावर मात्र घरागणिक मत बदलतं, आणि ते आपण काय खातो यावर ठरतं. आपल्या भागात मोदक बहुतेक घरी तळणीचेच. वाफेवर होतात ते नागपंचमीचे पुरणाचे दिंड, कारण त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. शिवाय कोथिंबिरीच्या वड्या आणि मेथीचे मुटकुळे. एवढ्यासाठी पातेल्यात पाणी, वर तेल लावलेली चाळणी आणि घट्ट झाकण पुरतं. कुकरमध्ये करायचं तर झाकणाची शिट्टी काढून ठेवा. इन्स्टंट पॉट घेतलाच असेल तर झडप उघडी ठेवून तेच काम होतं. फक्त वेळ घड्याळावर मोजा, कारण दाब नसताना त्याचा टायमर पुढे सरकत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतात हळद शिजवणारे बॉयलर पाहिलेल्यांना वाटतं, वाफेवर काहीही शिजेल. स्टीमरमध्ये दाब नसतो, वाफ शंभर अंशांच्या पुढे जात नाही. कुकर एकशेवीसच्या आसपास पोचतो. म्हणून तुरीच्या वरणासाठी कुकरच हवा. ‘स्टीमर आला की कुकर नको’ असं दुकानात कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तरीही काही घरांना स्टीमर खरंच उपयोगी पडतो. भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी असली, तर इथून नेलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर किंवा पितळी पातेलं तिच्यावर तापतच नाही. लहान मूल किंवा पथ्याचं खाणारे आई-बाबा घरात असले, तर रताळी, भोपळा, गाजर रोज उकडायचं असतं. वेळ लावून बाजूला होता येतं, हे फार मोठं सुख आहे. अशा घरी तो रोज ओट्यावर राहतो. बाकीच्यांनी निदान पहिला हिवाळा त्याच्याविना काढावा आणि मगच ठरवावं. घ्यायचाच तर जुन्या वस्तूंच्या दुकानात आधी पाहा; लोकांनी हौसेने घेऊन न वापरलेले स्टीमर तिथे पुष्कळदा दिसतात. विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचे नियम वाचूनच घ्यावा. कित्येक ठिकाणी खोलीत शिजवण्याची उपकरणं चालत नाहीत.

घेतलात तर दिंडांसाठी एक जपा: झाकणाला साचलेलं पाणी खाली ठिबकून कणकेची पारी चिकट होते. झाकणाखाली सुती फडकं ताणून बांधा. त्याची टोकं वर गाठ मारून ठेवा. वरच्या थराला खालच्यापेक्षा जास्त वेळ द्या. लाकडी कपाटाच्या बरोबर खाली किंवा धुराच्या अलार्मजवळ तो लावू नका. दाट वाफेनेही अलार्म वाजतो. अमेरिकेत स्टीमर आणि मायक्रोवेव्ह एकाच सर्किटवर एकदम चालवले तर वीज तुटू शकते. लंडनसारख्या ठिकाणी पाणी जड आहे, तापणाऱ्या भागावर पांढरा थर चढतो. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास राहू द्या, मग दोनदा साध्या पाण्याने विसळा, नाहीतर पुढच्या दिंडांना आंबूस वास येतो.