वाढ्यावर पोसलेला गोठा



कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की आपल्या घरच्या गव्हाणीतही वाढे पडू लागते. पुढे मार्च-एप्रिलपर्यंत वैरणीची चिंता नसते. तोडीवाल्यांकडून पेंड्या घ्यायच्या, गाडी भरून आणायची आणि दावणीला टाकायची. जनावर आवडीने खाते, पोट भरते, मालकालाही बरे वाटते. पण याच दिवसांत गोठ्यात गेले की काही वाक्ये हमखास कानावर पडतात. "साहेब, चारदा भरवली, चारदा उलटली." "व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली, ती उठंनाच." "बैल लघवीला तटतोय." दोष कधी रेतनाला दिला जातो, कधी गाईच्या जातीला, कधी नशिबाला. गव्हाणीत काय पडले आहे, तिकडे मात्र कोणी पाहत नाही.

वाढे वाईट वैरण नाही, हे आधीच सांगतो. पोट भरण्यासाठी ते उत्तम आहे. ऊसकरी शेतकऱ्याला ते जवळजवळ घरचे मिळते आणि ते फेकून द्या असे कोणी सांगणार नाही. हार्वेस्टरने तोड झालेल्या रानात तर त्याचे तुकडे होऊन रानभर पसरतात आणि वैरण म्हणून गोळा करता येत नाहीत, तेव्हा त्याची किंमत कळते. पण वाढ्यात दोन उणिवा आहेत. एक, त्यात प्रथिने आणि स्फुरद कमी. दुसरी, त्यात ऑक्झॅलेट नावाचे आम्ल असते. ते कॅल्शियमला, म्हणजे चुन्याला, घट्ट धरून ठेवते. धरलेला चुना जनावराच्या अंगी लागत नाही, शेणावाटे निघून जातो. हिशेब सोपा आहे. १० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल साधारण साडेचार ग्रॅम कॅल्शियम अडवते.

आता दुधाकडे पाहू. एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. १० लिटर दूध देणारी गाय रोज १२ ग्रॅम कॅल्शियम बादलीत घालते. चिकात तर त्याचे प्रमाण दुधाच्या दुप्पट जाते. खाण्यातून मिळाले नाही तर गाय ते हाडांतून काढून देते. दूध लगेच कमी होत नाही, म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. ही उधारी पुढे कधीतरी फेडावी लागते. माज मुका होतो, गाभण राहणे लांबते, वार अडकते, किंवा व्यायल्यावर गाय बसते.

उलटण्याची कारणे अनेक असतात, सगळे खापर वाढ्यावर फोडणे बरोबर नाही. पहिले कारण बहुतेक वेळा वेळेचे असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे. पिशवीचा दाह असेल तर तो डॉक्टरांनाच तपासू द्यावा. पण हे सगळे नीट असूनही गाय दर २१ दिवसांनी फिरून माजावर येत असेल, तर गव्हाण तपासा. प्रत्येक उलटलेला माज म्हणजे पुढचे वेत तीन आठवडे लांबले. खाणे मात्र रोजचे चालूच.

मग करायचे काय? बरेच जण म्हणतात, "आम्ही नुसतं वाढं घालत न्हाई, हत्तीगवत बी देतो, पिंजर बी देतो." इथेच गफलत होते. हत्तीगवत, म्हणजेच नेपियर, आणि भाताचे पिंजर या दोन्हींतही ऑक्झॅलेट असते. वाढ्याच्या जोडीला नेपियर दिले की गव्हाण हिरवी दिसते, पण उणीव तशीच राहते. जोडीला पाहिजे कडबा, मका, आणि मुख्य म्हणजे द्विदल वैरण: लसूणघास, चवळी, भुईमुगाचा पाला. लसूणघासात कॅल्शियमही भरपूर आणि प्रथिनेही. बांधाला सुबाभूळ असेल तर तिचा पाला थोडा थोडा चालतो. आमच्या मते एकूण वैरणीत वाढ्याचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये. चार-पाच गुंठे लसूणघास लावायला ऊसवाल्या शेतकऱ्याला जागा नाही असे म्हणणे पटत नाही.

पहिल्या तोडीच्या दिवशी एकदम भारा टाकू नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ऑक्झॅलेट फोडणारे जंतू असतात, पण त्यांची वाढ व्हायला वेळ लागतो. दहा-पंधरा दिवसांत थोडे थोडे वाढवत न्यावे. उपाशी जनावराला तर आधी कडबा द्यावा, मग वाढे. वाढे कडबाकुट्टीतून काढून, इतर वैरणीत मिसळून घातले की जनावर निवडून खात नाही आणि नासाडीही कमी होते.

चुन्याच्या निवळीबद्दल नेहमी विचारले जाते. निवळी शिंपडण्याचा प्रघात चांगला आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. पाण्यात चुना फार थोडा विरघळतो, एका लिटरात दोन ग्रॅमसुद्धा नाही. पाच लिटर निवळी शिंपडली तरी कॅल्शियम साडेचार-पाच ग्रॅमच मिळते आणि स्फुरद तर अजिबात नाही. म्हणून मोठ्या दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्यावेच. चांगल्या मिश्रणात साधारण पाचवा हिस्सा कॅल्शियम असते, म्हणजे ५० ग्रॅममध्ये १० ग्रॅम, आणि सोबत स्फुरदही. जोडीला ३० ग्रॅम मीठ. पिशवी घेताना कॅल्शियम आणि स्फुरदाचे प्रमाण छापलेले आहे का ते वाचा. नाव मोठे आणि आत मीठ, असा माल बाजारात असतो.

एक गोष्ट मात्र उलटी आहे, ती नीट लक्षात घ्या. गाय आटवल्यावर, विशेषतः विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत, कॅल्शियमचा मारा करू नये. "पुढं दूध द्यायचंय, आत्ताच भरून घेऊ" असे म्हणून लोक बाटल्या पाजतात. त्याने शरीराची हाडांतून कॅल्शियम काढण्याची सवय मोडते आणि व्यायल्यावर एकदम गरज पडली की गाय कोसळते. कॅल्शियमचा भरपूर पुरवठा विल्यानंतर हवा.

व्यायल्यानंतरचे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पहा. गाय लटपटते, कान गार पडतात, बसून मान बरगडीकडे वळवते, रवंथ बंद होतो: हा दुधाचा ताप. नाव ताप असले तरी अंग गरम नसते, गारच लागते. अशा गाईला तोंडाने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाऊन गाय दगावते. एका कुशीवर पडू देऊ नका, गवताच्या पेंढीचा आधार देऊन छातीवर बसती ठेवा आणि तातडीने डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश द्यावी लागते, घाईने दिली तर काळीज बंद पडते. म्हणून शेजारच्या हौशी माणसाच्या हातात सुई देऊ नका. उठल्यावर पहिले एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

म्हशीची लघवी व्यायल्यानंतर काही आठवड्यांत लाल, कॉफीसारखी झाली तर स्फुरदाच्या कमतरतेचा संशय घ्यावा. गोचीड तापातही लघवी लाल होते, पण त्यात ताप असतो. दोन्हीत फरक डॉक्टरांनीच करायचा.

राहिला बैल. खच्ची केलेल्या बैलाची मूत्रनळी अरुंद असते. पाणी कमी आणि वाढे जास्त झाले की खडा अडकू शकतो. थंडीत बैल पाणी कमी पितो, म्हणून सकाळचे पाणी कोमट करून, थोडे मीठ घालून दाखवावे. थेंब थेंब लघवी, पाय आपटणे, शेपटी सारखी हलवणे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूत्राशय फुटल्यावर बैल एकदम शांत होतो. मालकाला वाटते बरे झाले, पण तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो.